चप्पल निसटली, ते आधी बघा

पत्र, थोडक्यात:

"माझे मिस्टर वायुसेनेत हेलिकॉप्टर पायलट आहेत, वय ३८. दोन वर्षं लडाखमध्ये पोस्टिंग आहे. मुलांच्या शाळेसाठी मी साताऱ्याजवळ सासरी राहते. वर्षभर त्यांची कंबर दुखतेय. युनिटच्या डॉक्टरांना न सांगता त्यांनी सुट्टीत एका खासगी डॉक्टरांना दाखवलं, तेही अर्धंच नाव सांगून. एमआरआयमध्ये मणक्यामधली गादी सरकून नस दबल्याचं निघालं. रात्री नसेच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन आणि स्नायू सैल करणारी एक गोळी घेतात, सकाळी नऊपर्यंत डोळ्यांवर झापड असते. परवा जिना चढताना डाव्या पायातली चप्पल निसटून तीन पायऱ्या खाली पडली आणि त्यांना कळलंच नाही. मी हाक मारली तेव्हा थांबले. पुढच्या वर्षी प्रमोशन बोर्ड आहे. 'उडण्याची मेडिकल कॅटेगरी गेली तर सगळं संपलं, तू कुणाला बोललीस तर बघ,' म्हणतात. सुट्टी संपायला अकरा दिवस उरलेत. मीच त्यांच्या डॉक्टरांना फोन केला तर तो विश्वासघात होईल का?"

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण ते थोडं पुढे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ते चप्पलेचं.

कंबर दुखते, पायात कळ जाते, इथवर बहुतेक लोक काही आठवड्यांत औषध, विश्रांती आणि व्यायामाने सावरतात. पायातून चप्पल निघून जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. आज संध्याकाळी त्यांना अंगणात अनवाणी, नुसत्या टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. दोन्ही पंजे उचललेले राहिले पाहिजेत. मग खुर्चीत बसवून डाव्या पायाच्या अंगठ्यावर तुमचं बोट ठेवा आणि त्या दाबाविरुद्ध अंगठा वर उचलायला सांगा. उजव्याचंही तसंच बघा. डावा पंजा पडत असेल किंवा अंगठा हरत असेल, तर ती नस काम सोडायला लागली आहे असं समजा आणि उद्याच्या उद्या त्यांना मणक्याच्या डॉक्टरांपुढे उभं करा. आणि लघवी अडली, कळत नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला किंवा आपण बसतो त्या जागेला बधिरपणा आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. अशा वेळी काही तासांच्या उशिराने कायमचं नुकसान होतं. ही चिन्हं त्यांना स्वतःला माहीत असतील असं गृहीत धरू नका. पायलट यंत्राचे डायल वाचण्यात पटाईत असतात, स्वतःच्या शरीराचे वाचायचं टाळतात. वायुसेनेची डॉक्टर म्हणून मी त्यांच्यात तीस वर्षं काढली आहेत.

आता तो पाय कॉकपिटमध्ये काय करतो ते सांगते, कारण घरच्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. हेलिकॉप्टरमध्ये पायाखाली दोन पेडल असतात. ती शेपटीच्या छोट्या पंख्याशी जोडलेली असतात आणि नाक कुठल्या दिशेला राहणार ते ठरवतात. हवेत एका जागी थांबायचं, बर्फातल्या अंगणाएवढ्या हेलिपॅडवर टेकायचं, बाजूने वारा मारतोय, तेव्हा पाय सतत, केसभर केसभर, दाबत-सोडत असतो. ते डोक्याने ठरवून होत नाही, तळव्याला कळून होतं. ज्या तळव्याला चप्पल पडलेली कळली नाही, त्याला पेडल कळणार आहे का, एवढंच त्यांना शांतपणे विचारा. दुसरं काही बोलू नका. उत्तर ते स्वतःच देतील.

कंबर का गेली, यात त्यांचा काही दोष नाही, हेही त्यांना ऐकवा. हेलिकॉप्टर पायलटचा डावा हात सीटच्या बाजूच्या दांड्यावर खाली असतो, उजवा गुडघ्यांच्या मधल्या दांड्यावर. सरळ बसून हे जमत नाही. माणूस पुढे झुकतो आणि थोडा डावीकडे वळतो, आणि तसाच तासन्‌तास बसतो. त्यात थरथर. माणसाच्या कण्याला सेकंदाला चार ते सहा वेळांची थरथर सगळ्यात जास्त झोंबते, आणि मुख्य पंख्याची थरथर याच पट्ट्याच्या आसपास पडते. वर हेल्मेट, रात्रीच्या उड्डाणात त्याला पुढे टांगलेला चष्मा. कंबर आणि मान धरलेले पायलट मी इतके पाहिलेत की न दुखणाराच मला वेगळा वाटायचा. त्यामुळे "मला एकट्यालाच झालंय आणि मी कमी पडलो" असं त्यांच्या मनात असेल तर ते काढून टाका.

गोळ्यांबद्दल मात्र मला कडक बोलावं लागेल. प्रीगॅबालिन आणि ती दुसरी गोळी, दोन्ही झोप आणतात, चक्कर आणतात, हात किंचित मंद करतात. घरी सोफ्यावर त्याने काही बिघडत नाही. पण लेहच साडेअकरा हजार फुटांवर आहे, आणि चीतासारख्या हेलिकॉप्टरची केबिन विमानासारखी दाब धरून ठेवत नाही. बाहेरची विरळ हवा तीच आतली. मेंदूला आधीच ऑक्सिजन बेताचा, त्यात गोळीची झापड. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्याचं त्याला कळत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बेंगळुरूला इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन आहे, १९५७ साली सुरू झालेली. राकेश शर्मा यांची आणि अलीकडे गगनयानच्या अंतराळवीरांची तपासणी तिथे झाली. तिथे एक पोलादी खोली आहे, तिच्यातली हवा पंपाने काढत काढत आतल्या माणसांना २५,००० फुटांवर 'नेतात'. मास्क काढायचा आणि कागदावर १०० मधून ७ वजा करत जायचं. माझा तो कागद अजून माझ्याकडे आहे. ९३, ८६, ७९ इथपर्यंत अक्षर माझं आहे. पुढे ७२ दोनदा लिहिलंय. मग एक आकडा ओळीखाली घरंगळलाय आणि शेवटी नुसती रेघ. तीन-चार मिनिटांचा खेळ. शेजारच्याने मास्क माझ्या तोंडावर दाबला तेव्हा मला रागच आला, कारण मी उत्तम गणित करतेय याची मला पक्की खात्री होती. मिस्टरांनीही ही खोली पाहिली असणार. त्यांच्या कागदावर काय होतं ते विचारा.

एक सूचना: प्रीगॅबालिन अनेक दिवस चालू असेल तर घाबरून एकदम बंद करायला लावू नका. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात.

आणि आता मागच्या सीटबद्दल. तुमचे मिस्टर तिथे फक्त सामान आणि साहेबांची ने-आण करत नाहीत, कॅजुअल्टी, म्हणजे जखमी आणि आजारी जवान, उचलतात. मी त्यांच्यासारख्यांच्या मागे बसून जखमी आणले आहेत. वरच्या चौकीवर हेलिकॉप्टर टेकलं की इंजिन बंद करत नाहीत, त्या थंडीत आणि उंचीवर ते परत सुरू होईल याचा भरवसा नसतो. पंखा डोक्यावर फिरत असतो, बर्फ डोळ्यांत जातं आणि चार जवान पाचव्याला उचलून आत सरकवतात. आतमध्ये मला काही ऐकू येत नाही. स्टेथोस्कोप गळ्यात शोभेला. मी जवानाच्या मनगटावर दोन बोटं ठेवते, त्याच्या ओठांचा रंग बघते आणि अधूनमधून पुढच्या सीटवरच्या हेल्मेटकडे बघते, कारण त्या वेळी उपचाराचा अर्धा भाग त्या माणसाच्या हातात असतो.

तो कसा, ते सांगते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. म्हणजे शरीरात कोंडलेली हवा दुप्पट जागा मागते. छातीला मार लागून फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ती फुगून फुप्फुसाला आणि हृदयाला दाबते, म्हणून नळी घालून ती बाहेर काढल्याशिवाय असा रुग्ण उडवायचा नसतो. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा फुगा आम्ही हवेऐवजी सलाइनने भरायचो. ताजं प्लास्टर असेल तर ते उभं चिरून ठेवायचो, पाय आत सुजला तर रक्त अडू नये म्हणून. एवढं करूनही मला पायलटला सांगावं लागतं, "सर, शक्य तितकं खालून, आणि झटके नकोत." खिंड ओलांडताना किती खालून जाता येईल, हे त्याच्या डोळ्यांवर, हातांवर आणि त्या पायावर ठरतं.

हॅपोचा रुग्ण असेल, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसात पाणी झालेला, तर हिशोब उलटा. १९६२ नंतर आपले हजारो सैनिक तयारीविना उंचीवर गेले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जणांचा अभ्यास १९६९ साली छापला आणि उंचीचे आजार जगाला नीट समजायला त्याची फार मदत झाली. ऑक्सिजन आणि खाली उतरवणं, हेच त्यावरचं पहिलं औषध. संध्याकाळी गुलाबी फेस खोकणारा पोरगा लेहच्या १५३ जनरल हॉस्पिटलमध्ये दोन दिवसांनी चहा मागताना मी पाहिलाय. त्याला वेळेत खाली तुमच्या मिस्टरांसारख्या कुणीतरी आणलेलं असतं.

१९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात कार्टर हार्मन या अमेरिकन पायलटने हेलिकॉप्टरने जखमींना उचललं, लढाईच्या मैदानातली ती पहिली अशी सुटका. त्याचं यंत्र एका वेळी एकच माणूस नेऊ शकायचं. चार माणसं, चार खेपा, दोन दिवस, मध्ये इंजिन तापल्यामुळे रात्रभर थांबावं लागलं. यंत्र तापलं म्हणून तो थांबला, याचं कुणाला काही वाटलं नाही. पाठ तापली म्हणून थांबणाऱ्याला मात्र स्वतःची लाज वाटते. याचं मला नोकरीभर दुःख होत आलंय.

लाज का वाटते ते मला कळतं. आमच्याकडे ए म्हणजे उडण्यासाठी आणि जी म्हणजे जमिनीवरच्या कामासाठी, अशी प्रत्येकाची कॅटेगरी असते. ए-वन जी-वन हा पायलटच्या नावापुढचा दागिना. ए-फोर म्हणजे सध्या उडायचं नाही. आणि ती ए-फोर ज्याच्या सहीने येते तो डॉक्टर रोज संध्याकाळी त्याच मेसमध्ये जेवायला बसतो. त्यामुळे पायलट आमच्याशी हसून बोलतात आणि खरं मात्र गावाकडच्या डॉक्टरला अर्धं नाव सांगून सांगतात. हे काही तुमच्या मिस्टरांनी नव्याने शोधलेलं नाही.

पण ते "सगळं संपलं" म्हणतात, ते तसं नाही. सांगितल्यावर साधारण असं होतं: आधी त्यांना तात्पुरतं ग्राउंड करतात, म्हणजे उडणं थांबवतात. सेनेच्या हॉस्पिटलात मणक्याचे आणि नसांचे डॉक्टर बघतात, फिजिओथेरपी लागते, क्वचित शस्त्रक्रिया. ठरावीक मुदतीने डॉक्टरांचा बोर्ड पुन्हा बसतो. बरे झाल्यावर कित्येक जण परत उडतात. काहींना सुरुवातीला दुसऱ्या पायलटसोबतच उडायची अट घालतात, पुढे तीही निघते. प्रमोशन बोर्डावर परिणाम होणार नाही असं मी खोटं सांगणार नाही. होऊ शकतो. आणि काहींची उड्डाणाची कॅटेगरी परत येतच नाही. माझ्या सहीने असा एक जण कायमचा जमिनीवर आला. त्याचा पाय तुमच्या मिस्टरांसारखाच होता, पण सांगायला तो दीड वर्ष उशिरा आला. पुढे तो पोरांना सिम्युलेटरवर शिकवू लागला, उत्तम शिकवायचा. माझ्याशी मात्र तो आजही मोजकंच बोलतो. मला त्याचं वाईट वाटतं, पण ती सही मी आजही करीन.

आणखी एक गोष्ट, जी बायकांनी विचारायची असते कारण नवरे विचारत नाहीत. आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीने वाढला, हे कागदावर सिद्ध होणं पुढे अपंगत्वाच्या पेन्शनसाठी लागतं. अर्ध्या नावाच्या खासगी फाइलने काहीच सिद्ध होत नाही. आज सांगितलं तर वर्षानुवर्षं त्या सीटवर बसून कंबर गेली, ही नोंद होईल. आणि देव न करो, कधी अपघात झालाच, तर चौकशीत क्रूचं रक्त तपासतात. त्यात प्रीगॅबालिन सापडलं तर दोष कुणाच्या नावावर लिहिला जाईल, ते तुम्हीच बघा.

तर तुमचा प्रश्न. फोन करायचा का?

माझं मत स्पष्ट आहे. आज नाही. आधी त्यांना स्वतः सांगायची संधी द्या, पण तिला मुदत असू द्या. आमच्या एका स्टेशनवर एका पायलटची बायको माझ्या क्वार्टरवर डाळीची वाटी परत करायला आली. वाटी देऊन दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, यांना डाव्या कानाने मी हाक मारलेली ऐकू येत नाही." एवढं बोलून निघून गेली. मी त्या पायलटला बोलावणं धाडलं नाही. दोन दिवसांनी नेहमीच्या तपासणीला तो आला, तेव्हा रक्तदाब बघता बघता डावीकडून हळू आवाजात नाव घेतलं. त्याने मान वळवली नाही. मी थांबले. मग तोच म्हणाला, "मॅडम, किती दिवसांनी परत उडता येईल?" काही आठवडे लागले. बायको काही बोलली होती हे त्याला माझ्याकडून कधीच कळलं नाही.

तुमचा डॉक्टर दूर आहे, वाटी परत करायला जाता येणार नाही. म्हणून मिस्टरांना असं सांगा: "तुम्ही सुट्टी संपायच्या आत सर्व्हिस हॉस्पिटलात दाखवलंत तर मी सोबत येते आणि कुणाला काही बोलत नाही. न दाखवता परत उडायला गेलात, तर त्याच दिवशी मी युनिटच्या डॉक्टरांना फोन करणार आहे, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते." हे त्यांच्यापासून लपवून काही करणं नव्हे, म्हणून विश्वासघातही नव्हे. रागावतील. दोन दिवस बोलणार नाहीत. चालेल. तुम्हीही तेवढ्या दिवसांत हातावर हात ठेवून बसू नका, टाचांवरची ती चाचणी रोज करत राहा. ती बिघडली तर ही मुदत तिथेच संपली.

फोन करायची वेळ आलीच, तर तो फक्त डॉक्टरांना करायचा. सीओ साहेबांना, म्हणजे युनिटच्या प्रमुखांना नाही, त्यांच्या मिसेसना नाही, वेल्फेअरच्या बैठकीतल्या मैत्रिणीला तर मुळीच नाही. "चप्पल निसटली आणि कळलं नाही, या या गोळ्या चालू आहेत," एवढंच सांगा. डॉक्टरला तेवढं पुरतं. पुढचं त्याच्यावर सोडा.

सासूबाईंना यात घेऊ नका असं मी एरवी म्हटलं असतं, पण तुम्ही लिहिलंय की त्यांचे वडील फौजेत हवालदार होते. मग हवालदारांची ती लेक कदाचित आपल्या सगळ्यांपेक्षा लवकर समजेल. ते तुम्ही ठरवा.

पुण्याला सेनेच्या कमांड हॉस्पिटलमध्ये जाताना एमआरआयची मूळ फिल्म घ्या, नुसता रिपोर्ट नको, आणि ती गुंडाळू नका. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी पिशवीत टाका, रिकामीसुद्धा. कधीपासून दुखतंय, कळ कुठून कुठे जाते, चप्पल कधी निसटली, हे तारखेसकट कागदावर लिहून तो कागद तुमच्याजवळ ठेवा, कारण डॉक्टरसमोर ते "थोडंसं दुखतं" म्हणतील. पहाटे निघा. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की शिरवळला थांबून त्यांना दहा मिनिटं चालायला लावा, सलग बसवू नका. आणि गाडी तुम्ही किंवा दीर चालवा. त्या गोळ्यांवर असताना त्यांना स्टिअरिंगसुद्धा नको.